भिंतीवरची नॅनोचांदी आणि ठाण्याची खाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलुंड पूर्वेची तुमची इमारत पस्तीस वर्षांची, पावसाळ्याआधी ती बाहेरून रंगवायची आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये तीन ठिकाणी 'नॅनो' आलंय: बाहेरच्या भिंतींना नॅनो सिल्व्हरचा बुरशीरोधक रंग, दर्शनी भिंतीला सेल्फ-क्लीनिंग नॅनो कोटिंग आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आतून नॅनोचांदीचा लेप. जनरल बॉडीत यावरून दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, हे कण पावसात धुऊन खाडीत जातात आणि मासे मारतात. सेक्रेटरींचं म्हणणं, डोळ्यांना न दिसणारी वस्तू कुणाचं काय वाकडं करणार, फ्लेमिंगो तर दरवर्षी येतायत. तुम्ही खजिनदार, सही तुमची. आणि मी सत्तावीस वर्षं सांडपाणी आणि गाळ तपासण्यात घालवली, म्हणून हे माझ्याकडे आलंय.

आधी उत्तर, मग कारणं. भिंतीवरच्या चांदीला नाही म्हणा. टाकीतल्या लेपाला तर दोनदा नाही म्हणा. सेल्फ-क्लीनिंगचं कॉन्ट्रॅक्टरला एक प्रश्न विचारून ठरवा, तो खाली देतो. काकू अर्ध्या बरोबर आहेत, पण त्यांची कारणं चुकली. आणि या कामात खाडीला आणि तुमच्या मुलांना ज्याचा सगळ्यात जास्त धोका आहे, ते कोटेशनमध्ये कुठेच नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, यावरून अंदाज येईल. सेक्रेटरी म्हणतात तसं लहान म्हणून निरुपद्रवी, हे इथे उलटं पडतं. एक ग्रॅम चांदीची गोळी केली तर ती तुरीच्या अख्ख्या दाण्याएवढी होते आणि तिचा सगळा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा. तीच एक ग्रॅम चांदी वीस नॅनोमीटरच्या कणांत वाटली की पृष्ठभाग होतो अठ्ठावीस चौरस मीटरच्या वर. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या तीनशे चौरस फुटांच्या घराची अख्खी फरशी म्हणा. पाण्याशी, जंतूंशी, माशाच्या कल्ल्यांशी जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावर होतो. चांदी तेवढीच, पण व्यवहाराला जागा लाखो पटींनी वाढली.

आता काकूंच्या बाजूचा गैरसमज. नॅनोकण ही काही गेल्या वीस वर्षांत कारखान्यातून आलेली वस्तू नाही. लाटांच्या तुषारांत ते असतात, चुलीच्या धुरात असतात. आजी तुपाच्या दिव्यावर ताट उपडं धरून काजळ पाडायची, तेही नॅनो मापाच्या कार्बनकणांचे पुंजकेच. कारखान्यातला कण वेगळा ठरतो तो दोन गोष्टींमुळे. एकाच पदार्थाचे, एकाच मापाचे कण मुद्दाम बनवलेले असतात. आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर मुलामा चढवलेला असतो. निसर्गातले कण बरेचदा लवकर गोळा होऊन खाली बसतात. कारखान्यातला कण तसं करू नये अशीच सोय केलेली असते. बाहेर पडल्यावर हा मुलामा किती टिकतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

म्हणून 'नॅनो विषारी आहे का' या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. कोणता धातू आणि तो कोणत्या वाटेने जाणार, एवढं सांगा, मग बोलू. चांदीच घ्या. तुमच्या इमारतीतून ती दोन वाटांनी बाहेर पडू शकते आणि दोन्हींचा शेवट वेगवेगळा आहे.

पहिली वाट मोरीतून जाते. 'वास येत नाही' म्हणून विकले जाणारे मोजे आणि जिमचे टी-शर्ट यांत चांदी असते. २००८ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी बाजारातले असे मोजे पाण्यात खळबळून पाहिले. काही जोड्यांमधली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली, काहींमधून एक टक्काही निघाली नाही. म्हणजे लेबल एकच, गिरणीगणिक हकीकत वेगळी. निघालेली चांदी वॉशिंग मशीनच्या पाण्याबरोबर मैलापाण्याच्या वाहिनीत जाते आणि तिथे तिच्याशी जे होतं ते तुम्ही घरात पाहिलेलं आहे. गौरी-गणपतीच्या आधी देवघरातली चांदीची उपकरणी काढली की ती काळी पडलेली असतात. नाल्याजवळच्या घरांत लवकर पडतात. हवेतला सल्फाइडचा वायू, सडक्या अंड्याच्या वासाचा, चांदीला धरतो आणि सिल्व्हर सल्फाइड बनतं. गटारात हा वायू भरपूर. त्यामुळे नॅनोचांदीसुद्धा वाटेतच काळी पडते, आणि सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चांदीचं विष असतं ते सुट्या झालेल्या आयनमध्ये, म्हणजे कणातून सुटून पाण्यात विरघळलेल्या, विद्युतभार असलेल्या अणूमध्ये. आयन सुटलाच नाही तर दंश कमी. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका मैलाशुद्धीकरण केंद्राच्या गाळात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे सिल्व्हर सल्फाइडचे नॅनोकण प्रत्यक्ष दिसलेही. चांदीचा मोठा वाटा पाण्यात न राहता गाळात बसतो.

बसतो म्हणजे संपतो असं नाही. गाळ सुकवून शेतात खत म्हणून टाकला तर? अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या गटाने नेमकं हेच करून पाहिलं आणि २०१३ साली छापलं. नॅनोचांदी मिसळलेला गाळ उघड्यावरच्या वाफ्यांत घातला, चांदीचं प्रमाण बेताचंच ठेवलं. तरी एका वनस्पतीची वाढ खुंटली, मातीतल्या सूक्ष्मजीवांचा तोल बदलला आणि नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू जास्त सुटला. मासे वगैरे काही मेले नाहीत. बदलला तो मातीचा कारभार, आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मुंबईत ही वाटही सगळीकडे सारखी नाही, हे जाता जाता. मुलुंड-भांडुपकडचं मैलापाणी लगूनमध्ये, म्हणजे मोठ्या तळ्यांत, हवा देऊन मुरवून मग ठाण्याच्या खाडीत सोडण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. वांद्रे-वरळीला मात्र चाळून, वाळू काढून, साडेतीन किलोमीटरच्या आसपासच्या नळातून सरळ समुद्रात. तिथे गाळ मागे राहतोच असं नाही. नवी केंद्रं उभी राहतायत, ती चालू झाली की हे चित्र बदलेल.

दुसरी वाट भिंतीवरून आहे आणि तुमचा प्रश्न खरा तिथला आहे. आपल्याकडे पावसाचं पाणी आणि मैलापाणी वेगवेगळ्या वाहिन्यांतून जातं. भिंतीवरून ओघळलेलं पाणी पन्हळीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून थेट खाडीत. मध्ये लगून नाही, केंद्र नाही. मोज्यातल्या चांदीला काळी पडायला जो अवकाश मिळतो तो भिंतीवरच्या चांदीला तितका मिळत नाही, विशेषतः जोराचा पाऊस असेल आणि नाला धो धो वाहत असेल तेव्हा.

किती चांदी धुऊन जाईल? स्वित्झर्लंडमध्ये नॅनोचांदीचा रंग लावलेली भिंत उघड्यावर ठेवून वर्षभर ओघळ गोळा केले गेले. २०१० साली निकाल आला: वर्षभरात तीस टक्क्यांहून जास्त चांदी गेली, आणि सगळ्यात जास्त गेली ती सुरुवातीच्या पावसांत. बरेचसे कण रंगाच्या बाइंडरला, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या चिकट घटकाला, चिकटलेल्या अवस्थेत गेले, म्हणजे सुटे नॅनोकण कमी आणि रंगाचे सूक्ष्म तुकडे जास्त. पण गेले. आता तो पाऊस स्वित्झर्लंडचा. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. ज्या चांदीसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजणार, ती दोन-तीन पावसाळ्यांत बरीचशी नाल्याला अर्पण होणार आणि भिंतीवर शेवाळ परत येणारच. मला पर्यावरणाच्या आधी हिशेबच पटत नाही.

खाडीत पोचल्यावर काय होतं, ते एकदा आमच्या लॅबमध्ये छान दिसलं होतं. प्रोजेक्टला आलेल्या एका मुलीने नॅनोचांदीचं द्रावण केलं होतं. वीस नॅनोमीटरच्या आसपासची चांदी पाण्यात चांदीसारखी दिसत नाही, केशराचं पाणी असावं तशी पिवळीधमक दिसते. तिने दोन परीक्षानळ्यांत ते द्रावण घेतलं. एकीत पवई तलावाचं गाळलेलं पाणी घातलं, दुसरीत ऐरोली पुलाजवळून भरतीच्या वेळी आणलेलं खाडीचं. खाडीच्या नळीतला पिवळा रंग आमचा चहा संपेपर्यंत उतरला, राखाडी झाला आणि दुपारी तळाशी काळपट रेघ बसली. पवईच्या नळीतलं पिवळेपण दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी होतं. कारण साधं. खाऱ्या पाण्यातल्या मिठाने कणांचं एकमेकांना दूर ठेवणं मोडतं आणि ते गोळा होतात. शिवाय मिठातला क्लोराइड चांदीला धरतो. तलावातल्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे सेंद्रिय अंश असतात, ते कणावर नवाच मुलामा चढवून त्याला तरंगत ठेवतात. मुलगी हिरमुसली, तिला वाटलं प्रयोग फसला. मी म्हटलं, अगं, हाच तर तुझा प्रयोग.

म्हणून काकूंना सांगा, चांदीमुळे खाडीतले मासे तडफडून वर येतील असं चित्र नाही. चांदीचा सुटा आयन गोड्या पाण्यातल्या माशांना फार जाचतो, कारण तो कल्ल्यांतून मीठ आत घेण्याची यंत्रणाच बंद पाडतो. खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे तो जाच बराच कमी होतो. पण जे पाण्यातून गेलं ते चिखलात आलं. ठाण्याच्या खाडीचा चिखल म्हणजे तिवरांच्या मुळांतला, ओहोटीला उघडा पडणारा, ज्यावर निवट्या उड्या मारतात आणि फ्लेमिंगो चोच उलटी घालून चरतात तो. २०२२ साली खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली ती या चिखलाच्या जोरावरच. तिसऱ्या, शिवल्या, कालवं ही शिंपल्यांतली मंडळी दिवसभर पाणी आणि गाळ आतून गाळत बसतात. सुटा नॅनोकण कदाचित त्यांच्या गाळणीतून निसटेल, पण गोळा झालेला पुंजका अडकतो. खाऱ्या पाण्याने कणाचा दंश कमी केला आणि त्याच खाऱ्या पाण्याने तो शिंपल्याच्या तोंडी दिला. यात जास्त-कमी कसं मोजायचं, यावर अजून आमच्या धंद्यात वाद चालतात.

मोजण्याचं निघालंच आहे तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'नॅनोकणांनी इतके टक्के जीव मेले' छापाच्या बातम्यांबद्दल. डॅफ्निया नावाचा पाण्यातला पिसवेवजा जीव अठ्ठेचाळीस तास द्रावणात ठेवून किती हलायचे थांबले ते मोजतात. चाचणी चांगली आहे, मीही केली आहे. पण त्यात लिटरमागे मायक्रोग्रॅम ते मिलिग्रॅमच्या हिशेबात कण घालतात आणि नदी-खाडीत नॅनोचांदीचे जे अंदाज निघतात ते लिटरमागे नॅनोग्रॅमच्या आसपासचे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम, एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख. चाचणीतली आकडेवारी खोटी नसते, ती वेगळ्या मात्रेची असते. उलट बाजूने, अठ्ठेचाळीस तासांत न मेलेला जीव पाच वर्षं त्याच चिखलात राहून कसा आहे, हे ती चाचणी सांगत नाही.

आता सेल्फ-क्लीनिंग. त्यात नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तोही बहुधा अ‍ॅनाटेस प्रकारचा, जो उन्हात पृष्ठभागावरची सेंद्रिय घाण जाळतो. साध्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियम डायऑक्साइडच असतो, पण त्याचे कण दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे. उजेड विखुरण्यासाठी तेवढे मोठे असावेच लागतात. म्हणून पांढरा रंग दिसला की 'नॅनो' म्हणून घाबरू नका. कॉन्ट्रॅक्टरला विचारायचा प्रश्न हा: बाइंडर कोणता? अ‍ॅक्रिलिकसारखा सेंद्रिय बाइंडर असेल तर ऊन पडल्यावर हा पदार्थ बुरशीबरोबर स्वतःचा रंगही जाळतो. वर्षा-दोन वर्षांत भिंतीला हात लावला की पांढरी पूड हाताला लागते, आणि तीच पूड पावसाबरोबर जाते. सिलिकेटसारखा खनिज बाइंडर असेल तर कण बराच काळ धरून ठेवला जातो. 'सर, एकदम बेस्ट बाइंडर आहे' असं उत्तर आलं तर ते कोटिंग वगळा.

टायटॅनियम स्वतः पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याचं मला चांदीइतकं वाटत नाही. झिंक ऑक्साइड विरघळतो आणि त्यातून सुटणारा झिंक शैवालाला मारतो. बुरशीरोधक म्हणून तोही रंगांत असतो, तेव्हा डेटा शीटवर नजर टाका. टायटॅनियमचा वेगळाच त्रास आहे, तो आमच्यासारख्यांना. मुंबईचा काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, मुळातच टायटॅनियम बाळगून असतो, ऑक्साइडच्या हिशेबात वजनाच्या दोन-तीन टक्के. खाडीचा गाळ त्याच दगडाची झीज. एखाद्याने गाळ तपासून 'टायटॅनियम सापडलं हो' म्हणून बोंब ठोकली तर ते सह्याद्रीचंच असण्याची शक्यता जास्त. दगडातलं टायटॅनियम लोखंड आणि नायोबियम या धातूंच्या सोबतीने येतं, कारखान्यातलं जवळजवळ एकटं. त्या सोबतीच्या प्रमाणावरून वेगळं काढता येतं. व्हिएन्नातल्या पोहण्याच्या एका तलावात उन्हाळ्यात सनस्क्रीनमधलं टायटॅनियम असंच ओळखलं गेलं. आपल्या खाडीत हे काम चिकाटीचं आहे.

काकूंच्या फॉरवर्डमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचंही नाव आहे म्हणालात. तो उल्लेख कार्बन नॅनोट्यूबचा. २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखी इजा केल्याचं दिसलं. ते गंभीर आहे, पण तुमच्या रंगात त्या नळ्या नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. युरोपमध्ये २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनात नॅनो घटक असेल तर घटकांच्या यादीत तसं लिहावं लागतं, आणि २०२० पासून रसायनांच्या नोंदणीत नॅनो रूपाची वेगळी माहिती द्यावी लागते. आपल्याकडे २०१९ आणि २०२० साली नॅनो औषधं, शेतीच्या निविष्ठा (खतं, कीटकनाशकं) आणि अन्न यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. भिंतीचा रंग त्यांत बसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ती एकूण चांदीची. कणाच्या मापाला तिथे रकाना नाही.

त्यावरून टाकी. पालिकेचं पाणी क्लोरीन घालून येतं. त्या पाण्यात चांदीचा लेप नव्याने काय साधणार, हे कॉन्ट्रॅक्टरला कुणी विचारलं का? वर्षातून दोनदा टाकी रिकामी करून घासणं, झाकण घट्ट ठेवणं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावणं यातून जे होतं ते लेपातून होत नाही. घासताना लेप खरवडला जाणार आणि ते पाणी तुम्ही पिणार किंवा गच्चीवरून गटारात सोडणार. कित्येक सोसायट्या लेप लावून टाकी धुणंच बंद करतात, ते मी पाहिलंय. एका इमारतीत लेपाची गॅरंटी दाखवत होते आणि टाकीत कबुतराचं पीस तरंगत होतं.

आता कोटेशनमध्ये नसलेली गोष्ट. घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखांत नव्वद भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमची इमारत त्याआधी निदान चारदा रंगली असेल. भिंतीच्या पाण्याच्या रंगांत शिसं फारसं नसायचं. ते असायचं ऑइल पेंटमध्ये, म्हणजे खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचे कठडे, गेट, गच्चीची शिडी. पिवळा, केशरी, हिरवा थर आणि खालचा शेंदरी प्राइमर यांच्यावर जास्त संशय घ्या. कॉन्ट्रॅक्टरची पोरं ग्रिलवर ग्राइंडर आणि पॉलिश पेपर चालवतात, पोपडे आणि धूळ खाली पार्किंगमध्ये पडते, संध्याकाळी वॉचमन पाइप लावून ती गटारात ढकलतो आणि सकाळी तिथेच मुलं क्रिकेट खेळतात. तुमच्या पूर्ण भिंतीवरच्या नॅनोचांदीपेक्षा ही एका संध्याकाळची धूळ मला जास्त छळते. शिसं काळं पडून निमूट बसत नाही, आणि लहान मुलाच्या मेंदूला त्याची निर्धोक मात्रा नाही.

तेव्हा कोटेशन परत पाठवा आणि नव्याने असं मागा. भिंतीला साधा चांगल्या प्रतीचा बाहेरचा इमल्शन, चांदीशिवाय. ग्रिलच्या रंगाचे तीन-चार ठिकाणचे पोपडे आधी लॅबमध्ये शिशासाठी तपासायचे, खर्च कॉन्ट्रॅक्टरचा. शिसं निघालं तर कोरडं घासणं बंद: पाणी मारून हाताने खरवडायचं, ग्राइंडर नाही, कामगारांना कापडाचा रुमाल न देता खरा मास्क. परांचीखाली जाड ताडपत्री, रोज संध्याकाळी गुंडाळून पोपडे गोणीत. शिशाची गोणी पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत जाणार नाही. घातक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे, तिथवर पोचवल्याची पावती बिलाला जोडल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आणि खरवडकाम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपलं पाहिजे. वळवाची एक सर आली आणि ताडपत्री उघडी असली, तर त्या पोपड्यांना तुमच्या गेटपासून नाल्यापर्यंत जायला दहा मिनिटं लागणार नाहीत.